उकिरड्याची बारा वर्षे

उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते, अशी एक म्हण आपल्याकडे आहे. दुर्दैवाने गांजलेल्या माणसाला धीर देताना वडीलधारी मंडळी ती वापरीत आली आहेत. ज्यांनी ही म्हण घडविली त्यांनी उकिरडा जवळून पाहिला होता, यात शंका नाही. परसातल्या त्या खड्ड्यात शेण पडे, गोठ्यातला केर, चुलीतली राख, केळीची सोपटे, भाजीची देठे आणि पाचोळा पडे. पावसाने तो भिजे, आतल्या उष्णतेने वाफाळे, कोंबड्या त्याला उकरून वारा लावीत. मग एके दिवशी तो सारा गाडीत भरून वाडीत किंवा शेतात जाई, आणि घराने जे टाकले तेच फिरून घराच्या ताटात येई. असा उकिरडा पालटायला बारा वर्षे लागतही नसत. म्हणीने थोडी सढळ मुदत दिली आहे, इतकेच.

आजच्या कचऱ्याला मात्र ही म्हण लागू पडत नाही. गोराईचे उदाहरण घेऊ. मुंबईच्या बोरिवली उपनगराच्या पश्चिमेस, गोराई खाडीच्या काठी, १९७२ पासून महापालिकेचा कचरा पडू लागला. खाडीच्या पलीकडे गोराई, मनोरी ही आपल्या ईस्ट इंडियन बांधवांची जुनी गावे. पस्तीस वर्षांत सुमारे २० हेक्टर जागेवर २३ लाख टनांहून अधिक कचरा साठला आणि त्याची सरासरी उंची २६ मीटर, म्हणजे आठ मजली इमारतीएवढी झाली. रहिवाशांची गाऱ्हाणी न्यायालयात गेली आणि अखेर २००७ साली ते डंपिंग ग्राउंड बंद झाले. पुढच्या दोन वर्षांत त्या ढिगाला उतार देण्यात आला, त्यावर पाणी न झिरपणारे जाड प्लास्टिकचे आच्छादन आणि माती घालण्यात आली, आतला वायू ओढून घेण्यासाठी नळ पुरण्यात आले आणि वर गवत लावण्यात आले. दुरून पाहणाऱ्याला ती एक हिरवी टेकडी दिसते.

या सगळ्याला ‘बंद करणे’ असे म्हणतात. शब्द साधा आहे, पण आम्हांला तो अडखळायला लावतो. दुकान बंद होते, दार बंद होते, ते समजते. कचऱ्याचा डोंगर बंद होतो म्हणजे नेमके काय होते? वरून झाकलेली जमीन बरी झालेली असते काय? अमेरिकेत १९९१ च्या नियमांनी अशी जागा बंद केल्यावर पुढे तीस वर्षे तिची निगा राखण्याचे बंधन घातले. आपल्या देशाच्या २००० आणि २०१६ सालच्या नियमांत ही मुदत किमान पंधरा वर्षांची होती. म्हणीतली बारा वर्षे कायद्यालाही अपुरी वाटली, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

या प्रश्नाचे उत्तर नियमांपेक्षा झाडे अधिक प्रामाणिकपणे देतात. १९७० च्या दशकात अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात बंद कचराभूमींवर लावलेली झाडे का मरतात, याचा शोध रटगर्स विद्यापीठातील फ्रँकलिन फ्लॉवर, आयडा लिओन आणि एडवर्ड गिलमन यांनी घेतला. (फुलाचे आडनाव लाभलेल्या गृहस्थांच्या वाट्याला कचऱ्यावरची झाडे यावीत, हा योग मोठा गमतीचा.) आपला सर्वसाधारण समज असा, की कचऱ्यातील विष मुळांत भिनत असावे. काही ठिकाणी तसे घडतेही. पण तिथे मुख्य कारण निराळे निघाले. झाडे गुदमरत होती.

मूळ पाणी पिते हे आपण जाणतो. ते श्वासही घेते हे सहसा आपल्या ध्यानात येत नाही. निरोगी मातीत कणाकणांमध्ये पोकळ्या असतात, त्यांत हवा खेळते आणि त्या हवेतला प्राणवायू मुळे घेतात. कचऱ्याच्या ढिगाखाली मात्र प्राणवायू लवकर संपून जातो. मग त्या अंधारात, प्राणवायूवाचून जगणारे सूक्ष्म जीव अन्नाचे, कागदाचे, लाकडाचे अवशेष कुजवू लागतात आणि त्यातून जो वायू निघतो तो साधारण निम्मा मिथेन आणि निम्मा कार्बन डायऑक्साइड असतो. हा वायू वर येताना मातीच्या पोकळ्यांतली हवा बाहेर ढकलतो आणि तिची जागा घेतो. माती तीच, पाणीही पुरेसे, ऊनही मुबलक. पण मुळाला घ्यायला श्वास नाही. त्या मातीत मिथेन खाऊन जगणारे जिवाणूही असतात. ते वायूचा काही भाग फस्त करतात हे खरे, पण तसे करताना उरलासुरला प्राणवायूही वापरून टाकतात आणि मातीला ऊब आणतात. शिवाय प्राणवायू नसला की मातीतले लोह आणि मँगनीज विरघळू लागते आणि त्याचाही अतिरेक मुळांना बाधतो.

दुसरी अडचण आम्हांला याहून अधिक विचार करण्याजोगी वाटते. कचऱ्यावर घातलेली माती रोलर फिरवून, ठोकून घट्ट केलेली असते. का? तर पावसाचे पाणी खाली कचऱ्यात मुरू नये, तेथून काळे, दुर्गंधीयुक्त पाणी पाझरून विहिरीत किंवा खाडीत जाऊ नये म्हणून. हेतू निर्दोष आहे. परंतु जी माती पाणी आत शिरू देत नाही ती मुळालाही आत शिरू देत नाही. अभियंत्याला हवी असते घट्ट माती. माळ्याला हवी असते भुसभुशीत माती. त्यातून ही माती बहुधा कुठल्या तरी पायाच्या खोदकामातून आलेली, खालच्या थरातली, सत्त्वहीन, नत्राने दरिद्री. थर जाड नसला की पावसाळ्यात ती चिखलते आणि पाऊस सरताच महिन्याभरात सुकून भेगाळते. खालचा कचरा वर्षानुवर्षे असमान खचत राहतो, त्यामुळे कुठे डबके होते, कुठे चीर पडते आणि त्या चिरेतून वायूला नवी वाट मिळते.

अशा जमिनीवर गवत मात्र लवकर उगवते. त्याची मुळे वरच्या विती-दोन वितींत राहतात आणि तेवढ्यात त्याचे भागते. म्हणून बंद कचराभूमीची छायाचित्रे नेहमी हिरवी असतात. मत्तयच्या शुभवर्तमानातील पेरणाऱ्याच्या दाखल्यात प्रभू येशूने जी तिसरी नव्हे, दुसरी जमीन सांगितली, तिची आठवण येथे अटळ आहे. खडकावर मातीचा पातळ थर आहे तेथे बी लवकर उगवते. लवकर उगवण्याचे कारणच खोली नसणे हे आहे. प्रवचन ऐकताना ही जमीन आपल्याला नापीक आणि ओसाड अशी डोळ्यांसमोर येते. वास्तविक पहिले काही आठवडे संबंध शेतात सर्वांत हिरवी तीच दिसत असणार.

आता आम्ही मूळ प्रश्नाकडे येतो. झाकणे हे पाप आहे की पुण्य? पवित्र शास्त्र या बाबतीत वरवर पाहता दोन्ही बाजूंनी बोलते. नीतिसूत्रे बजावतात, की स्वतःचे अपराध झाकणाऱ्याची भरभराट होत नाही. संत पेत्र लिहितात, की प्रीती पापांची रास झाकते. आणि ३२ व्या स्तोत्रात, जे ख्रिस्तसभेने सात प्रायश्चित्त-स्तोत्रांमध्ये गणले आहे, या दोन्ही गोष्टी एकत्र येतात. आरंभीच, ज्याचे पाप झाकले गेले तो धन्य, असा आशय आहे. आणि चारच ओव्यांनंतर तोच स्तोत्रकर्ता सांगतो, की आपण आपले पाप झाकून ठेवले नाही. मूळ हिब्रूत दोन्ही ठिकाणी एकाच धातूपासून आलेले शब्द आहेत. मधल्या ओव्यांत तो गप्प राहिल्याच्या दिवसांचे वर्णन करतो, तेव्हा त्याची हाडे झिजत होती आणि अंगातला ओलावा उन्हाळ्यातल्यासारखा आटत होता. कचऱ्यावरच्या पातळ मातीतील झाडाचे याहून नेमके वर्णन सापडणे कठीण.

म्हणजे झाकणे एकच दिसले तरी ते दोन प्रकारचे असते. अपराध ज्याने केला त्याने झाकणे वेगळे, आणि ज्याचा अपराध झाला त्याने, म्हणजे अंतिमतः देवाने, झाकणे वेगळे. क्रमही वेगळा. दुसऱ्या प्रकारात आधी उघडावे लागते. कुमसाराच्या वेळी पाप प्रथम एका माणसासमोर बोलून उघडले जाते आणि मग त्यावर मौनाची मोहोर बसते. ती मोहोर कुणीही, कधीही फोडू शकत नाही. पहिल्या प्रकारात उघडण्याची पायरीच गाळलेली असते.

हे तत्त्व म्हणून पटायला सोपे आहे. घरात शिरले की अवघड होते. आपल्या धर्मग्रामांत वडिलोपार्जित वाडीच्या वाटण्या होतात तेव्हा काय घडते ते आपण सर्व जाणतो. भावांची नावे सातबारावर चढतात आणि बहिणीपुढे हक्कसोडपत्र येते. ती सही करते. माहेर तुटू नये म्हणून करते, आईच्या डोळ्यांकडे पाहून करते, कधी कधी कशावर सही करीत आहोत हे न वाचताही करते. मग सगळे म्हणतात, “झाले गेले संपले.” लग्नाकार्यांत ती येते, भाचरांना मांडीवर घेते, एका ताटात जेवते. सर्व काही हिरवे असते. पंधरा-वीस वर्षांनी आईच्या मर्तिकाच्या दिवशी एखाद्या क्षुल्लक गोष्टीवरून, पितळेच्या एका भांड्यावरून, असा भडका उडतो की नात्यातले लोक चकित होतात. “इतक्या वर्षांनी हिला आता काय सुचले?” असे विचारले जाते. तिला आता काही सुचलेले नसते. खाली साठत आलेले असते. ढिगाखालचा वायूही असाच, माती घातली तेव्हा थांबत नाही. उलट त्यानंतर त्याला बाहेर पडायला वाट उरत नाही एवढेच.

म्हणून नव्या पद्धतीत झाकण घालण्याबरोबरच नळ पुरतात. त्यांतून वायू एका ठिकाणी आणून जाळतात किंवा इंधन म्हणून वापरतात. ज्या झाकणाला असे नळ आहेत त्यावरची झाडे अधिक तगतात. कुटुंबात हे नळ म्हणजे काय, याचे एकच उत्तर आम्ही देऊ शकत नाही. पण निदान इतके तरी असावे, की त्या बहिणीला तिचे गाऱ्हाणे पुन्हा एकदा, आणि त्यानंतरही पुन्हा एकदा, शेवटपर्यंत सांगता यावे, आणि ऐकणाऱ्या भावाने “ते प्रकरण मिटले आहे ना, ताई?” असे मध्येच म्हणू नये. तिचा हिस्सा परत देणे शक्य असेल तर द्यावा, हे वेगळे सांगायला नको. ऐकून घेणे ही त्याची जागा घेणारी स्वस्त सोय नव्हे.

झाकलेल्या गोष्टीची भीती आपल्याला किती उथळ करून सोडते, याचे एक उदाहरण ब्रिटनमधून मिळते. तेथे बरीच वर्षे बंद कचराभूमीवर झाडे लावू नयेत असा सल्ला दिला जाई. झाडांची मुळे खोल जातील, मातीचे झाकण फोडतील आणि खालचे सारे वर येईल अशी धास्ती होती. त्यापेक्षा गवत बरे. १९९३ साली डॉब्सन आणि मॉफट या वनशास्त्रज्ञांनी या प्रश्नाचा नीट आढावा घेतला तेव्हा आढळले, की धास्ती मोठी होती, धोका लहान. नीट ठोकलेल्या चिकणमातीपर्यंत पोहोचलेले मूळ तिला फोडीत नाही. ते आडवे वळते. झाडाला पाहिजे ते इतकेच, की त्या झाकणावर मोकळ्या मातीचा पुरेसा जाड थर असावा, मीटर-दीड मीटर तरी. आपल्या कित्येक घरांत आणि, आम्ही जोडू, कित्येक धर्मग्राम समित्यांत असेच गवत-धोरण असते. काही विषय निघायचे नाहीत म्हणून कुठलाच खोल विषय निघत नाही. हवापाणी, सण, मुलांचे गुण, एवढ्यावर भागविले जाते. कुणी जरा खोल गेले तर झाकण फुटेल, ही धास्ती.

ख्रिस्तसभेबद्दलही येथे बोलणे प्राप्त आहे. तिच्याविषयी गप्प राहून भाविकांच्या घरांविषयी लिहिणे आम्हांला शोभणार नाही. अनेक देशांत काही धर्मगुरूंनी बालकांवर अत्याचार केले आणि काही वरिष्ठांनी ते झाकले, ही गोष्ट २००२ साली अमेरिकेतील बॉस्टन शहरातून जगापुढे आली. झाकण्याचे कारण बहुधा असे सांगितले जाई, की साध्या भाविकांच्या श्रद्धेला धक्का बसू नये. पाणी आत मुरू नये म्हणून माती ठोकणाऱ्या अभियंत्याचा हेतू असतो तसाच हाही हेतू, निदान काही जणांचा, खरा असेल. परंतु त्या ठोकलेल्या मातीखाली जी मुले होती त्यांना श्वास घेता येत नव्हता. मे २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी अशा गोष्टींची वार्ता वरिष्ठांना देणे धर्मगुरू आणि व्रतस्थांवर बंधनकारक केले, आणि त्याच वर्षी डिसेंबरात अशा प्रकरणांवरील परमधर्मपीठीय गुप्ततेचे बंधन काढून टाकले. आपल्या देशाच्या २०१२ च्या कायद्यानेही अशा गुन्ह्याची खबर देणे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य ठरविले आहे. या तरतुदींमुळे ख्रिस्तसभेची बदनामी वाढली असे म्हणणारे भाविक आम्हांला भेटतात. नळ पुरल्यावर सुरुवातीला वास येतोच.

यातून आणखी एक प्रश्न उभा राहतो : एखादी गोष्ट बंद झाली असे म्हणण्याचा अधिकार कुणाचा? न्यूयॉर्क शहराच्या स्टेटन आयलंडवर फ्रेश किल्स नावाची विशाल कचराभूमी आहे, सुमारे २,२०० एकरांची. (इंग्रजीत हे नाव भयंकर वाटते, मुळात ‘किल’ हा ओढ्यासाठीचा जुना डच शब्द आहे.) १९४८ साली तेथे खाजणात कचरा टाकायला सुरुवात झाली आणि मार्च २००१ मध्ये ती बंद करण्यात आली. सहाच महिन्यांनी ती पुन्हा उघडावी लागली, कारण ११ सप्टेंबरच्या हल्ल्यात कोसळलेल्या मनोऱ्यांचा ढिगारा चाळण्यासाठी तेथे नेण्यात आला. शोध घेऊन झाल्यावर जो बारीक चाळ उरला तो तेथेच पुरला गेला. तेथे मरण पावलेल्या २,७५३ जणांपैकी सुमारे ११०० जणांचे अवशेष अद्याप ओळखता आलेले नाहीत. काही नातेवाइकांनी न्यायालयात मागणी केली, की त्या चाळात आमच्या माणसांची राख आहे, ती कचराभूमीतून काढून अन्यत्र नेऊन पुरावी. २००८ साली न्यायालयाने दावा फेटाळला आणि २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो ऐकण्यास नकार दिला. आता त्या विस्तीर्ण जागेचे टप्प्याटप्प्याने उद्यान होत आहे. उत्तरेकडील एक भाग २०२३ साली लोकांसाठी खुला झाला. तेथे गवताळ उतार आहेत, पक्षी येतात. कायद्याच्या दृष्टीने प्रकरण बंद आहे. ज्या बापाला आपल्या मुलाचे एक हाडही मातीला देता आले नाही त्याला आम्ही, धर्मगुरू असूनही, ते बंद झाले असे सांगू धजणार नाही.

मग अशा जमिनीचे काही भले होते की नाही? न्यू जर्सीच्या त्या संशोधकांकडे पुन्हा जाऊ. त्यांनी एका बंद कचराभूमीवर १९ जातींची १९० झाडे-झुडपे लावून पाहिली होती. एक गोष्ट लवकरच ध्यानात आली. मोठी, दिमाखदार झाडे आणून लावली तर ती अधिक मरत. लहान रोपे तगत, कारण जमीन जशी आहे तशी ओळखून ती आपली मुळे उथळ पसरवीत. चौदा वर्षांनी दुसऱ्या संशोधकांनी ती जागा पुन्हा मोजली आणि १९९२ साली आपला अहवाल छापला. लावलेल्या १९० पैकी साधारण निम्मी झाडे उरली होती. पण त्यांच्या आसपास आणखी ७५२ झाडे-झुडपे उभी होती, आणि वेलींची तर २,९५५ खोडे. नव्याने आलेल्यांपैकी पंचाण्णव टक्क्यांहून अधिक ही लावलेल्या झाडांची संतती नव्हतीच. ती १८ निराळ्या जातींची, बहुतेक त्याच मुलखातली, आणि पाखरांनी आणलेली होती.

फळे खाणारे पाखरू उघड्या गवतावर क्वचितच थांबते; त्याला बसायला फांदी लागते. मरतुकड्या, अर्ध्यामुर्ध्या वाढलेल्या त्या झाडांनी एवढेच केले होते, की ती उभी राहिली होती. त्यांच्यावर पाखरे बसली आणि विष्ठेतून बी पडले. नैसर्गिक वायूच्या गळतीने करपलेल्या जमिनींबद्दलही अशीच एक नोंद आहे : गळती थांबल्यावर त्या मातीत आसपासच्या मातीपेक्षा अधिक नत्र आणि सेंद्रिय द्रव्य साठलेले १९३० च्या दशकात मृदाशास्त्रज्ञांना आढळले. ज्या जिवाणूंनी मुळांचा प्राणवायू पळविला होता, त्यांच्याच मेलेल्या शरीरांचे ते खत होते.

लावणाऱ्या संशोधकांनी जी झाडे लावली त्यांतली निम्मी मेली, आणि जे रान उभे राहिले ते त्यांनी लावलेले नव्हते. आपल्याकडे दोन घरे जोडण्यासाठी खस्ता खाल्लेल्या आत्याबाई आणि काकाबाबा असतात, त्यांना हा हिशेब सांगावा असे आम्हांला वाटते. मात्र त्या अहवालावरून आणखीही एक गोष्ट उघड होते. पाखरांनी बी आणले ते कुठल्या तरी जवळच्या झाडीतून. कचराभूमीच्या भोवतालचे रान आधीच तोडून सपाट केलेले असते, तर पाखरांनी ते आणले कुठून असते?